धारूरकर डब्यात राहिले तो उन्हाळा

गुलाब भरात असताना हलवू नये. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, आणि मुलानं मोबाइलवर त्याचे व्हिडिओ दाखवायला घेतले तेही मी बघितले नाहीत. मला गरज नाही. परवापासून आमच्या बीडच्या घराच्या गच्चीचं काम काढलंय, पावसाळ्याआधी गळती बंद करायची म्हणून, आणि मिस्त्री रोज सकाळी येऊन एकच पाढा वाचतो, "आजी, कुंड्या हलवा. आजी, तेवढ्या कुंड्या हलवा." बाकीच्या सगळ्या हलवून झाल्या. एकच राहिलीय. त्यातला गुलाब माझ्या खांद्याला लागेल एवढा झालाय आणि ऐन चैत्रात त्याला कळ्यांचे घोस लागलेत. मुलगा म्हणाला, "आई, छाटून टाक की, मग उचलू. परत फुटेल." त्याला काय जातंय बोलायला! कात्री कालपासून जिन्याच्या पायरीवर ठेवलीय. तिच्याकडे बघते, चहा पिते, परत बघते. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं एका झाडाला एवढं भ्यावं हे कुणाला पटायचं नाही, म्हणून ती गोष्ट एकदा सांगून टाकते.

आमचे अण्णा पाटबंधारे खात्यात होते. जन्मभर तळ्यांची आणि कालव्यांची पातळी मोजली, आणि घरात मात्र पाण्याची बोंब. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या दारातच होता. खात्यानं आम्हाला जिल्हाभर फिरवलं. बदलीचा हुकूम नेमका अशा वेळी यायचा की शेजारणींशी नुकती ओळख झालेली असायची, घातलेलं लोणचं मुरत आलेलं असायचं. आई कुरकुर करायची नाही. गाव सोडताना ती तिथल्या कुणाच्या तरी दारातली गुलाबाची एक काडी तेवढी तोडून घ्यायची. काडी ओल्या फडक्यात, फडकं तांब्यात आणि तांब्या एसटीत तिच्या मांडीवर. आम्ही पोरं अण्णांच्या मांडीवर. नव्या गावात काडी लागायची, पुढच्या बदलीला त्या झाडाची काडी आणि त्या गावची नवी काडी पुन्हा तांब्यात. असं करत करत आम्ही शेवटी बीडला येऊन टेकलो तेव्हा आईकडे चार गावांचे चार गुलाब होते. बीडच्या वेशीबाहेर अण्णांनी दोन खोल्यांचं घर घेतलं. त्याच्या पुढच्या अंगणात, मोरीच्या भिंतीला लागून, ते चौघे ओळीनं बसले आणि बघता बघता माणसाएवढे झाले.

आईनं त्यांना गावावरून नावं ठेवली होती, तीही अण्णांच्या कचेरीतल्यासारखी, मानाची. लिंबागणेशकर, केजकर, नेकनूरकर आणि धारूरकर. सकाळी राखेनं भांडी घासता घासता ती आम्हाला त्यांची खबरबात द्यायची. "केजकरांला मावा पडलाय, जरा राख टाक गं." "नेकनूरकर लई माजलेत, नुसती पानंच काढायलेत." "लिंबागणेशकर देवमाणूस हाय, देईल ते खातंय बिचारं." नवखा माणूस आला तर त्याला वाटायचं, घरात चार भाडेकरू ठेवलेत. एकदा पोस्टमननं विचारलंसुद्धा, की केजकर नावाचे कुणी इथं राहतात का. धाकटा दिनू लगेच म्हणाला, "राहतेत की, पर ते बोलत न्हाईत."

चैत्र लागला की घरभर गुलाबाचा वास आणि त्यात मिसळलेला येसराच्या, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या आमटीचा. अजूनही कुठं येसर भाजलेलं नाकाला लागलं तर मला आधी गुलाब आठवतो, मग भूक. पहाटे उन्हाच्या आत आई फुलं तोडायची, पाकळ्या निवडायची, आणि पाकळ्यांचा एक थर, खडीसाखरेचा एक थर असं करत चिनी मातीच्या बरणीत गुलकंद घालायची. बरणीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधून ती कट्ट्यावर उन्हात ठेवायची. तिच्यावर नजर ठेवायचं काम माझं, कारण मी थोरली. उन्हाळाभर गल्लीतल्या बाया वाटी घेऊन दारात यायच्या. "ताराची आई, पोराला उन्हाळी लागलीय, चमचाभर गुलकंद द्या की." तारा म्हणजे मी. आईला तिच्या नावानं हाक मारणारं माणूस मी बघितलंच नाही. गल्ली तिला ताराची आई म्हणायची, आणि अण्णाही घरात तसंच म्हणायचे, "ताराची आई, ऐकलं का?" ते ऐकलं की मला उगीच उंच झाल्यासारखं वाटायचं. अख्ख्या घराला माझ्या नावाची पाटी लावलीय असंच मी समजून चालले होते.

पण त्या बरणीत चार गावांचे गुलाब नसायचे, तीनच असायचे. धारूरकराचं फूल आई तोडायची नाही. देवाला नाही, केसात नाही, गुलकंदाला तर नाहीच. फुलं झाडावरच पिकायची आणि गळायची. गळालेल्या पाकळ्या ती केरसुणीनं लोटू द्यायची नाही, हातानं वेचून परत त्याच्याच बुंध्याशी ठेवायची. का, हे मला ठाऊक होतं. उवा काढता काढता मावशीनं मला सांगितलं होतं, "तुझ्या आदी एक व्हती. शकू." अण्णा धारूरला नोकरीवर नवे नवे गेले तेव्हाची ती. किल्ल्याच्या खालच्या अंगाला भाड्याची खोली होती, दारात घरमालकाचा गुलाब, आणि शकूला पाकळ्या खायचा नाद. नुकती चालायला लागलेली पोरगी, झाडाखाली बसायची आणि मूठ भरून तोंडात कोंबायची. आई बोट घालून काढायची, की ही हसायची. गोवराच्या साथीत ती गेली. आणि बदली झाली तेव्हा आईनं त्या झाडाची काडी तोडली. घरात तिचं नाव कुणीही काढायचं नाही. मला माहीत आहे हे आईला माहीत होतं, तरी आम्ही दोघी गप्प. खरं सांगायचं तर मला त्या झाडाचा राग यायचा. हापशावरून आणलेल्या पाण्यातलं पहिलं तांब्याभर पाणी त्याला मिळायचं, आणि थोरली मी होते ना!

त्या साली पाण्यानं अगदीच जीव काढला. नळाला पाणी कधी येणार ते नळालाच ठाऊक. हापसा लांब, रांग त्याहून लांब, आणि आईची कंबर धरलेली. ती घागर डोक्यावरून उतरवताना "आई गं" म्हणायची तेव्हा अण्णा पेपराआड तोंड लपवायचे. एक दिवस पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "बस झालं. अंगणात बोअर घेऊ. तुझ्या डोक्यावरची घागर उतरवतो बघ." आता एवढा पाटबंधारे खात्यातला माणूस, नकाशे वाचणारा! पण बोअर घ्यायचा तर आधी पाणाड्या बोलवायचा, ही रीत त्यांनाही सोडवली नाही. पाणाड्या बापूराव आला. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला बुक्का. तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि डोळे मिटून अंगणभर फिरायला लागला. जिथं जमिनीखाली पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो, अशी आमच्याकडे सगळ्यांची खात्री. दिनू माझ्या कानात म्हणाला, "मिटलेत कुठं? एक डोळा किलकिला हाय." मी त्याला चिमटा काढला. बापूराव परसात गेला, नारळ ढिम्म. बाभळीखाली गेला, ढिम्म. आणि मोरीच्या भिंतीशी, बरोबर चार गुलाबांच्या मधोमध आल्यावर त्याचा हात थरथरला आणि नारळ ताडकन उभा!

"हितं हाय, मालक! लई पानी हाय. दोन झरे मिळालेत हितं."

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "आख्खं अंगण सोडून माझ्या गुलाबातच का म्हनून उभा राहिला वो तुमचा नारळ?"

"आता वैनी, नारळाला काय तुमचं-माझं कळतंय व्हय?"

नारळाला कळत नसेल, पण आईला लागलीच कळलं की आता चौघांना हलवावं लागणार. बोअरची गाडी केवढी थोरली, ती उभी राहायची तर अंगणाच्या भिंतीचा तुकडा पाडावा लागणार आणि चाकं नेमकी झाडांवर येणार. अण्णा सारवासारव करायला लागले. "कायमचं थोडंच हलवायचंय? तात्पुरती बदली समज. गाडी गेली की चौघं मूळ जागी हजर."

"तुमच्या बदल्या मला नका सांगू," आई म्हणाली. "एक तरी कधी येळेवर आली का? सगळ्या अशाच, भरात असताना. माघात म्हणला असता तर मीच उचलून दिले असते. आता कळ्यांनी लगडल्यात, मुळं पानी वढायलीत, अन म्हणे हलवा!"

"गाडी आत्ता मिळतीय. नंतर वर्षभर मिळायची न्हाई."

"अन धारूरकर?" आईनं विचारलं. अण्णांची नजर आईच्या कमरेवर होती, तिनं हात टेकला होता तिथं. मला आज वाटतं, त्यांनाही दोन्हीकडून ओढ लागली होती. एकीकडं गेलेलं लेकरू आणि एकीकडं डोळ्यादेखत वाकत चाललेली बायको. पण त्यांना बोलता येत नव्हतं, आणि आईला त्यांना अडवता येत नव्हतं. संध्याकाळी तीच म्हणाली, "डबे बघा तेलाचे. मोठे."

डबे नजमाखालांनी दिले. त्या आमच्या शेजारी, त्यांच्या मालकांचा भज्यांचा गाडा, म्हणून तेलाच्या डब्यांना तोटा नव्हता. भिंतीवरून एकेक डबा देत म्हणाल्या, "भाबी, ले जाव. मगर इस धूप में? गुलाब मर जाएगा, मैं बोलती." आई म्हणाली, "मरू देत न्हाई." डब्यांच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. आदल्या संध्याकाळी आईनं हापशाचं होतं नव्हतं ते सगळं पाणी चौघांच्या बुडात ओतलं, माती धरून राहावी म्हणून, आणि त्या रात्री आम्ही उसनं पाणी प्यालो. दुसऱ्या दिवशी दिसायला लागताच काम काढलं. झाडाभोवती गोल चर खणायचा, खालून पहार घालून मातीच्या गोळ्यासकट मुळं सुटी करायची, गोळा ओल्या पोत्यात बांधायचा आणि सुतळीनं आवळून डब्यात उतरवायचा. पण त्याच्या आधी कात्री. निम्म्याहून जास्त झाड कापायचं, कळ्या आणि फुलं तर एकूण एक. मी हळहळले तर आई म्हणाली, "खाली मुळं तुटणार, तारा. घरातला कमावता आजारी पडला तर खानारी तोंडं कमी नको का करायला? वरचा पसारा ठिवला तर झाड त्याच्यापायीच मरतंय."

तिनंच भराभर कापलं. केजकर गेले, नेकनूरकर गेले. लिंबागणेशकराला म्हणाली, "तू तर काय, देवमाणूस." कात्री कचकच चालत होती. आणि धारूरकरापाशी येऊन थांबली. झाडावर उमललेली फुलं होती, अर्धी उमललेली होती, टपोऱ्या कळ्या तर मोजता येऊ नयेत एवढ्या. आईनं एक फांदी हातात धरली आणि सोडून दिली. "ह्याला नको."

"अगं, पण तूच म्हणालीस की..." अण्णा बोलायला लागले.

"न्हाई म्हणलं ना मी! ह्याला कात्री लावायची न्हाई."

मग तसंच, फुलांसकट, ते झाड उपटायचं ठरलं. अण्णांनी पहार घातली. त्याची मुळं बाकीच्यांपेक्षा खोल, मोरीच्या बुडापर्यंत गेलेली. ती तुटली तेव्हा आवाज आला आणि आईनं तोंडाला पदर लावला. मी तिच्या शेजारी उभी होते. तिचा हात धरावासा वाटला, पण तेवढं धाडस झालं नाही.

घराच्या मागं सावलीला चौघांचे डबे मांडले, वर बांबूवर ओली पोती टाकली. आई येता-जाता त्यांच्यावर पाणी शिंपडायची. बोअरची गाडी आज येते, उद्या येते म्हणत लांबत चालली. तिघांनी माना टाकल्या आणि दोन-चार दिवसांत परत उचलल्या. उघडेबोडके दिसत होते, पण देठ हिरवे होते. धारूरकराच्या कळ्या मात्र एकेक करून लवल्या. पानं मऊ पडली, मग वाळून हात लावताच गळायला लागली. आई त्याच्यापुढं बसून राहायची. स्वैपाक करायची, पण तिचं लक्ष नसायचं. आमटीत मीठ नसायचं, भाकरी एका अंगानं करपलेली असायची, आणि आम्ही सगळे मुकाट्यानं खायचो. दिनूसारखा दिनू, तोही "अळणी हाय" म्हणाला नाही. ती झाडावर पाणी टाकायची तेव्हा त्यातलं निम्मं तिच्या डोळ्यातलं असायचं, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्या आठवड्यात माझा झाडावरचा राग कुठं गेला कोण जाणे. रात्री झोपताना मी आपली देवाला म्हणायचे, हिला वाचव रे बाबा, माझ्या वाटणीचं पाणी घे.

शेवटी गाडी आली. गाडीवरची माणसं दक्षिणेकडची, त्यांची भाषा आम्हाला कळेना, त्यांच्यातल्या एकालाच मोडकं हिंदी येत होतं. भर दुपारी मशीन सुरू झालं. असा आवाज की घरातली भांडी मांडणीवर नाचायला लागली. गल्ली सगळी भिंतीवर चढून बघायला. बापूराव धोतराचा सोगा सावरत सगळ्यांच्या पुढं. आणि पहिल्यांदाच वर चिखल आला! ओला, काळा चिखल. "पानी! गीला है!" तो हिंदीवाला ओरडला. बापूरावानं छाती फुगवली. अण्णांनी दिनूला पेढे आणायला पिटाळलं. पण त्याच्यानंतर जो फुफाटा उडायला लागला तो थांबेचना. ज्वारीच्या पिठासारखी पांढरी धूळ, डोळ्यात, नाकात, नजमाखालांच्या वाळवणावर. दुपार कलली तरी धूळच. पेढे आले, त्यांच्यावर धूळ बसली. अखेर मशीन थांबलं. तो हिंदीवाला तोंडाचा रुमाल काढून अण्णांना म्हणाला, "साब, ऊपर गीला, नीचे एकदम सूखा. ऊपर का पानी किधर से आया?"

मशीन बंद होतं, म्हणून घळघळ असा आवाज सगळ्यांना ऐकू आला. आईनं सकाळची भांडी तेव्हाच उरकायला घेतली होती, आणि मोरीतून पाण्याची धार निघून सरळ त्या खड्ड्याकडं चालली होती. सगळ्यांच्या माना एकदम मोरीकडं वळल्या. खड्ड्यातून निघालेल्या त्या पहिल्या काळ्या चिखलात नीट बघितलं तर राख होती आणि चिंचोके होते, पितळेला चिंच लावून घासल्यावर राहतात ते. आई हातातलं पातेलं घेऊन बाहेर आली. चिखल बघितला, बापूरावाकडं बघितलं, मग अण्णांकडं.

"अगं बया बया! माझ्या भांड्याचं पानी सापडलं व्हय तुमाला!"

आणि ती हसायला लागली. कंबर धरून, खांबाला टेकून हसली. भिंतीवरची गल्ली हसली, नजमाखाला हसल्या, त्या परक्या माणसांनाही काय झालं ते कळलं आणि तेही हसले. बापूराव म्हणाला, "आता पानी ते पानी वो वैनी, नारळाला कुठलं का असंना," आणि नारळ काखेत मारून वाटेला लागला. डोळे मिटून फिरणाऱ्याला हिरवं तेवढं बरोबर दिसलं होतं, आणि जन्मभर झिरपा मोजणाऱ्या आमच्या अण्णांना स्वतःच्या मोरीचा झिरपा दिसला नव्हता. पुढं कितीतरी वर्षं गल्लीत कुणाचं काम फसलं की म्हणायचे, "मोरीचं पानी लागलं काय रे?"

पण त्या दिवशी आईचं हसू तिथंच संपलं नाही. हसत हसत ती घरामागं गेली, डब्यापुढं बसली, आणि हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलंच नाही. "उगंच हलवलं की वो तिला," ती म्हणत होती. "पान्यासाठी म्हणून काळीज घट्ट केलं मी. पानी न्हाई न काय न्हाई. उगंच हलवलं." अण्णा कोपऱ्यावर उभे होते. धुळीनं नखशिखांत पांढरे झालेले. पुढं यायची त्यांची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दातांना राखुंडी लावत मागच्या दारात बसले होते. आई डब्यापाशी होती. अण्णा आले. अंगात बनियन, हातात ती कात्री. म्हटलं, आता भांडण होणार. अण्णा आईच्या शेजारी उकिडवे बसले. मग म्हणाले,

"शकूची आई, कापू का?"

राखुंडी माझ्या तोंडातच राहिली. माझ्या जन्मात मी ते नाव अण्णांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आईनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं, असं बघितलं, जसं खूप लांबून कुणी हाक मारलीय आणि ती खरंच आली का याची खात्री करायचीय.

"मला वाटलं, तुमी इसरलात," ती म्हणाली.

"इसरून कुठं जातोय गं मी! रोज घरी येताना आधी तिच्याकडंच बघतो की." अण्णांनी कात्री उजव्या हातात घेतली. "पर फुलं ठिवून झाड जाईल. फुलं जाऊ दे. झाड ठिवू. कापू?"

आईनं होकाराची मान हलवली. अण्णांनी झाडाला डावा हात लावला, लहान लेकराची हनुवटी धरावी तसा एक देठ धरला आणि म्हणाले, "जरा लागंल हां, बाळा." आणि कापलं. पार खाली, वीतभर खुंट राहीपर्यंत. आई खाली पडणारी फुलं, सुकलेल्या कळ्या, अर्ध्या उमललेल्या पाकळ्या पदरात गोळा करत होती. मी उठून गेले आणि तिच्याबरोबर वेचायला बसले. तिनं मला हाकललं नाही. ती फुलं बुंध्याशी ठेवली नाहीत. घरात नेली, त्यातल्या धडक्या पाकळ्या निवडल्या, आणि लोणच्याची एक लहानशी बरणी रिकामी करून, घासूनपुसून, तीत खडीसाखरेवर अंथरल्या. मोठ्या बरणीशेजारी ती लहान बरणी उन्हात बसली. तिच्यावर नजर ठेवायचं काम आईनं माझ्याकडंच दिलं.

बोअरच्या भोकावर दगड ठेवला, भिंत परत उभी राहिली आणि तिघे गुलाब आपापल्या जागी गेले. अण्णांनी आता सायकलला दोन्हीकडं कॅन बांधले आणि कचेरीत जायच्या आधी स्वतः हापशावर जायला लागले. "साहेब पानी भरतेत" म्हणून लोक हसायचे, अण्णा हसू द्यायचे. आईची घागर अशी उतरली, बोअरनं नाही. धारूरकर मात्र डब्यातच. नुसता काळपट खुंट. नजमाखाला रोज भिंतीवरून विचारायच्या, "कुछ आया?" आणि आई नुसती नकाराची मान हलवायची. मला तर वाटायचं, गेलं ते. पण हे बोलायचं कुणी!

मग एके सकाळी अण्णांचा आवाज आला. कॅन तिथंच टाकलेले, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडत होते, "शकूची आई! अगं शकूची आई, भायेर ये! फुटलंय!"

भिंतीपलीकडं भजी तळायचं थांबलं. आई कणकेच्या हातानं धावली. खुंटाच्या बुडाशी, मातीला लागून, तांबडा कोंब आला होता, करंगळीच्या नखाएवढा. आई त्याला हात लावायला घाबरत होती. नजमाखालांनी भिंतीवरून विचारलं, "भाबी, ये शकू कौन?" आणि माझ्या आईनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा, न अडखळता सांगितलं, "माझी थोरली."

त्या दुपारी तिनं लहान बरणी उघडली. अण्णांच्या हातावर एक चमचा दिला, नजमाखालांना वाटीत दिला, आणि मग दिनूला आणि मला पुढ्यात बसवलं. "घ्या. तुमच्या ताईनं दिलंय."

दिनूनं तोंड उघडलं होतं, ते मिटून माझ्याकडं बोट केलं. "ताई तर ही हाय."

"हिची पन ताई हाय," आई म्हणाली. "खा."

मी खाल्लं. इतर गुलकंदासारखाच होता, थोडा तुरट, कारण त्यात कळ्या होत्या. जिभेवर ठेवून बसले, गिळवेना. इतकी वर्षं त्या घरात मी सगळ्यात मोठी होते, सगळ्यांच्या आधी शहाणं व्हायचं ते माझंच काम होतं. आणि त्या चमचाभर गुलकंदानं मी एकदम कुणाची तरी धाकटी झाले. मला रडूच कोसळलं, आणि आईनं मला तसंच जवळ ओढलं. गल्लीला ती ताराची आईच राहिली, पण अण्णा मात्र मरेपर्यंत तिला शकूची आई म्हणाले, आणि मला त्याचं कधीही वाईट वाटलं नाही.

आता हे सगळं लिहून झालं, तर सांगते. आत्ताच गच्चीवर, त्याच धारूरकराच्या काडीपासून वाढवलेल्या गुलाबापाशी, जाऊन आले. कात्री घेतली, उमललेली फुलं आधी ताटात काढून ठेवली, बरणी तयार आहे. मग झाडापुढं बसले. गुडघे दुखतात, पण बसले. एक देठ धरला आणि म्हणाले, "जरा लागंल हां, ताई." मिस्त्री सिमेंट कालवता कालवता थांबला. "आजी, कुणाशी बोलायलात?"

"थोरल्या बहिणीशी," मी म्हटलं. "तू तुझं काम कर."